‘पाहा’ हा शब्द काढताना

कॉलेजातले माझे तास गेले त्या वर्षी मी घरात बसून होते. ज्युनियर कॉलेजला तासिका तत्त्वावर मराठी शिकवायचे, दर जूनला नव्यानं अर्ज करायचे, आणि एका जूनला प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की मराठीची एक तुकडी कमी झाली. नवऱ्याची नोकरी चालू होती, घर अडणार नव्हतं. पण सकाळी साडी नेसून, डबा घेऊन बाहेर पडायची सवय झालेल्या बाईला भर दुपारी स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं वाटतं. कपाटं आवरून झाली, मग आवरलेली कपाटं पुन्हा आवरली. अशात नवऱ्याच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा निरोप आला. कोल्हापुरात राजारामपुरीत त्यांची सॉफ्टवेअरची छोटी कंपनी होती आणि त्यांना चांगलं मराठी लिहिणारं माणूस हवं होतं.

कंपनी म्हणजे औषधांच्या दुकानावरच्या तीन खोल्या. त्या गृहस्थांना सगळे साहेब म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांनी काम थोडक्यात सांगितलं. “आमचं एक सॉफ्टवेअर आहे. पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायट्या, यांच्या क्लार्क लोकांनी ते वापरायचं. वापरायचं कसं, त्याचं मराठीत पुस्तक पाहिजे. बनवणारा आत बसलाय, त्याला विचारा आणि लिहा.”

आतल्या खोलीत तिशीच्या आतबाहेरचा एक उंच तरुण कॉम्प्युटरला नाक लावून बसला होता. मी त्याच्या खुर्चीच्या बाजूला जाऊन उभी राहिले. त्यानं मान वळवली नाही. मला वाटलं, शिष्ट दिसतोय. शेवटी मी खाकरले, तसा तो एवढा दचकला की मलाच वाईट वाटलं.

“बसा की मॅडम,” तो म्हणाला. “कवा आलासा?”

शिरोळकडचा, नदीकाठच्या गावातला, शेतकऱ्याच्या घरातला मुलगा. कोल्हापुरातच इंजिनिअरिंग केलेलं. बोलणं गावाकडचं, मोठ्या आवाजातलं आणि सरळ. त्यानं मला त्याचं काम समजावून सांगायला सुरुवात केली.

या संस्थांच्या कचेऱ्यांत वर्षभर तीच ती पत्रं निघत असतात. सभेची नोटीस, ठरावाची नक्कल, सभासदाचा दाखला. दरवेळी जुनं पत्र उघडायचं, नाव बदलायचं, तारीख बदलायची, आणि एखाद्या ठिकाणी जुनंच नाव राहून जायचं. यानं त्यावर एक छोटी भाषा तयार केली होती. सभेची अख्खी नोटीस एकदाच लिहून तिला एक नाव देऊन ठेवायचं. नंतर कधीही कोऱ्या पानावर फक्त ते नाव लिहायचं, कंसात तारीख आणि ठिकाण द्यायचं. बटण दाबलं की त्या नावाच्या जागी पूर्ण नोटीस येऊन बसते. नोटिशीच्या पोटात दुसरं नाव असेल, तर त्याच्या जागीही त्याचा मजकूर येतो. कॉम्प्युटरवाले याला मॅक्रो म्हणतात.

तो सांगत होता, “आधी मॅक्रो लिहायचा. मग पायजे तिथं मॅक्रो टाकायचा. बटण दाबलं की मॅक्रो येतोय.”

मी वहीत लिहून घेतलं आणि घरी जाऊन वाचलं, तर काहीच कळेना. जो लिहायचा तो मॅक्रो, जो टाकायचा तोही मॅक्रो आणि जो येतो तोही मॅक्रो. दुसऱ्या दिवशी मी त्याला तसं विचारलं. त्यानं माझी वही ओढून घेऊन वाचली. मग म्हणाला, “व्हय की. तीन वेगळ्या गोष्टी हायत. माझ्या डोक्यात त्या वेगळ्याच हायत, पण नाव एकच पडलंय.”

आमच्या कामाची सुरुवात तिथून झाली.

मी पहिलं प्रकरण लिहिलं ते माझ्या परीनं नीट लिहिलं. मॅक्रोला ‘साचा’ हा शब्द घेतला होता. हा शब्द त्याला लगेच पटला. कोल्हापुरात फाउंड्रीचा साचा माहीत नाही किंवा गुळाचा साचा पाहिलेला नाही असं माणूस सापडणार नाही. साचा वेगळा आणि त्यातून निघालेली ढेप वेगळी, हे समजावून द्यावं लागत नाही. पण त्यानं प्रकरण वाचलं, अगदी हळूहळू, एकेका ओळीवर बोट ठेवून, आणि विचारलं, “मॅडम, साचा, नमुना आन आराखडा, ह्या तीन वेगळ्या गोष्टी हायत काय?”

“नाही. एकच आहे.”

“मग तीन नावं कशाला?”

“एकच शब्द सारखा सारखा आला की वाचणाऱ्याला कंटाळा येतो. म्हणून बदलून बदलून लिहिलंय.”

“क्लार्क बसंल की शोधत, आराखडा कुठं ठेवलाय म्हणून.”

मला हसू आलं, पण त्याचं बरोबर होतं. शाळेत आमच्या बाई निबंधात परत आलेल्या शब्दाभोवती लाल गोल काढायच्या. पुढे मी तेच गोल माझ्या विद्यार्थ्यांच्या निबंधांत काढले. एवढ्या वर्षांची सवय मोडायला मला वेळ लागला. लिहिताना हात आपोआप ‘नमुना’ या शब्दाकडे जायचा आणि मी तो मागे ओढायची.

मग आम्ही बाकीचे शब्द ठरवायला बसलो. कोऱ्या पानावर साच्याचं नाव लिहायचं, त्याला काय म्हणायचं? मी ‘आवाहन’ सुचवलं. तो म्हणाला, “आवाहन पूजेला करत्यात. हाक म्हणा की. हाक मारली की साचा येतोय.” साच्यात तारखेसाठी, नावासाठी जी मोकळी जागा सोडायची तिला आम्ही ‘खाच’ म्हटलं. त्या जागेत जे घालायचं त्याला ‘भर’. तो म्हणाला, लोक नेमका इथंच घोळ घालतात. जागा आणि जागेत घालायची वस्तू, दोन्हीला एकच शब्द वापरतात आणि मग चूक कुठं झाली ते सापडत नाही. शेवटी बटण दाबल्यावर जे पूर्ण पत्र तयार होतं, त्याला मी ‘विस्तार’ म्हणत होते. ते त्याला आवडेना. “विस्तार मंत्रिमंडळाचा.”

“मग उलगडा म्हणू.”

“उलगडा गुपिताचा असतोय.”

“घडी घातलेली साडीसुद्धा उलगडतोच ना आपण? साडी आधीपासून पूर्णच असते. नवीन काही येत नाही, फक्त आत असतं ते बाहेर दिसतं.”

तो थोडा वेळ स्वतःशी पुटपुटला. साचा लिहा, हाक मारा, खाचेत भर घाला, उलगडा बघा. “जमतंय,” म्हणाला. त्याच्याकडून एवढं आलं तरी पुष्कळ होतं.

त्या काळात मी खुश होते. घरी गेल्यावर नवऱ्याला जेवताना भर आणि खाच यांतला फरक सांगायची. तो बिचारा ऐकून घ्यायचा.

काही गोष्टी मात्र मला तेव्हाही दिसत होत्या. टेबलावर हाताजवळ ठेवलेला चहाचा कप तो धक्का लागून सांडायचा, आणि दरवेळी त्याला तिथं कप असल्याचंच आश्चर्य वाटायचं. मधल्या खोलीतल्या स्टुलाला तो रोज आदळायचा. संध्याकाळ व्हायच्या आत, काम अर्धवट असलं तरी, उठून खोलीवर निघून जायचा. हिशेब बघणारी मुलगी एकदा मला म्हणाली, “त्याला गर्व आहे हो. रस्त्यात समोरून येतो आणि ओळख देत नाही.” एकदा मलाही तो जनता बझारच्या चौकात दिवेलागणीला भेटला. मी हात केला. तो शेजारून निघून गेला. मला राग आला, मग मी विसरून गेले.

त्या पावसाळ्यात कृष्णेला मोठं पाणी आलं. शिरोळ तालुक्यात गावंच्या गावं हलवावी लागली. तो जनावरं काढायला म्हणून घरी गेला आणि रस्ते बंद झाल्यामुळे तिकडेच अडकला. फोन लागत नव्हता. पाणी उतरल्यावर एका सकाळी तो परत आला. जिना चढताना कठड्याला घट्ट धरून, एकेक पायरी चाचपत चढत होता. मी वरून बघत होते. वर आल्यावर तो माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, “ताई, एक सांगायचं हुतं.”

तोपर्यंत मी मॅडम होते. त्या दिवशी ताई झाले आणि पुढं तशीच राहिले.

“वस्तीवरनं म्हशी काढत हुतो,” तो सांगू लागला. “सांज झालती. भाऊ पुढं, मी मागं. रस्ता पायाखालचा हाय, त्याच रस्त्यानं शाळंला गेलोय. पाणी कुठवर आलंय ते मला दिसलंच न्हाय. सरळ चालत गेलो. छातीला लागलं तवा कळलं. म्हशीचं दावं हातात हुतं म्हणून ऱ्हायलो. भावानं वढून काढलं आन पयल्यांदा कानाखाली वाजवली. दारू पिलायस काय म्हणला.”

“तुला संध्याकाळचं दिसत नाही?”

“ते तर कॉलेजात असल्यापासनं. आता बाजूचंबी जायला लागलंय. समोर येवढंच दिसतंय.” त्यानं दोन्ही हातांची बोटं जुळवून डोळ्यांसमोर एक गोल धरला. “नळीतनं बघावं तसं. ह्यो गोल बारीक व्हत चाललाय.”

मिरजेच्या डॉक्टरांनी त्याला फार पूर्वीच सांगितलं होतं. डोळ्याच्या पडद्याचा आजार होता. कडेकडून सुरू होतो आणि आत सरकत येतो. औषध नाही, चष्म्यानं काही होत नाही. घरी त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. आई त्याच्यासाठी मुली बघत होती आणि हा काही ना काही खोट काढून नाही म्हणत होता. पुराच्या पाण्यात भावानं मारल्यावर त्याला सगळं सांगावं लागलं.

सांडलेले कप, संध्याकाळची घाई, चौकात न दिलेली ओळख, सगळं एकदम समजलं आणि समजून काही उपयोग नव्हता. “डॉक्टर काय म्हणतात, किती दिवस...” एवढंच मी विचारलं.

“त्यास्नीबी सांगता येत न्हाय.” मग तो जरा सावरून बसला. “ताई, पुस्तक ऐकून कळंल असं लिवता येईल काय?”

“कुणाला?”

“मलाच की. भाषा माझी हाय, पण म्होरं मला ती ऐकूनच वापराय लागणार. सगळंच काय डोक्यात ऱ्हात न्हाय. मी इसरलो, तर मला कोण सांगणार? पुस्तकच सांगणार.”

कॉम्प्युटरवर लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवणारा एक आवाज असतो. बाईचा, सपाट, कुठंच न थांबणारा. तो त्यानं आणला होता. आम्ही माझी लिहून झालेली प्रकरणं त्या आवाजाला वाचायला लावली. तो डोळे मिटून ऐकायचा आणि मी त्याच्याकडे बघत बसायची.

पहिल्याच प्रकरणात माझी फजिती झाली. मी हाक लाल रंगात लिहिली होती आणि भर निळ्या रंगात. ते पान फार सुरेख दिसत होतं. आवाजाला रंग वाचता येत नाहीत. कुठं हाक संपली आणि कुठं भर सुरू झाली ते ऐकून कळेना. मग सगळीकडे शब्दांतच सांगावं लागलं, ही हाक, ही तिच्यातली पहिली भर, ही दुसरी. बाण काढले, चौकटी काढल्या. ‘वर दिल्याप्रमाणे’ काढलं, कारण ऐकणाऱ्याला वर काही नसतं. त्याऐवजी ‘दाखल्याच्या साच्यात सांगितल्याप्रमाणे’ असं लिहिलं. लांबलचक झालं, पण चुकायला जागा उरली नाही.

‘खाच’ हा शब्दही गेला. आवाजाच्या तोंडी ‘खाचेत’ आणि ‘साच्यात’ जवळजवळ सारखंच ऐकू यायचं, आणि तो दोनदा फसला. नवा शब्द शोधताना आम्ही दोघंही रडकुंडीला आलो. शेवटी ‘घर’ ठेवलं. साच्यात घरं असतात, घरात भर घालायची. त्याला ते आवडलं आणि मलाही.

मग राहिला ‘पाहा’. प्रत्येक पानावर तो शब्द होता. आकृती पाहा, तिसरं प्रकरण पाहा, उलगडा बरोबर झाला का ते पाहा. एका दुपारी तो नसताना मी सगळ्या पुस्तकातून तो शब्द शोधून काढत होते. कुठं ‘वाचा’ घालत होते, कुठं ‘तपासा’, आणि बदललेलं पान त्या आवाजाला वाचायला लावत होते. तो आला, मागं उभा राहून आवाज ऐकू लागला आणि त्याच्या लक्षात आलं.

“का काढलासा?”

“असंच. दुसरा शब्द बरा वाटतो.”

“ऱ्हाऊ दे की ताई. सगळी काय माझ्यासारखी न्हाईत.”

निम्म्या पुस्तकातून तो शब्द गेला होता. उरलेल्या निम्म्यात मी तसाच ठेवला. पुढं कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

पुस्तक पुरं झाल्यावर साहेबांनी आम्हाला मलकापूरला पाठवलं. शाहूवाडी तालुक्यातल्या दूध संस्थांच्या क्लार्कना शिकवायचं होतं. आम्ही एसटीनं गेलो. हॉल माडीवर होता, जिना अंधारा. जिन्याच्या तोंडाशी तो थांबला, मग न बोलता माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही वर गेलो. हात अगदी हलका होता.

वर वीसएक माणसं असतील, बहुतेक पुरुष, दोन-तीन बायका. सुरुवातीला सगळे घड्याळाकडे बघत होते. तो बोलला कमी. पुस्तकातलं एकेक पान कुणालातरी मोठ्यानं वाचायला सांगायचा आणि वाचल्याप्रमाणे करायला लावायचा. दुपारनंतर एका डोंगराकडच्या संस्थेतल्या क्लार्क बाईंनी हात वर केला.

“सर, एका हाकेच्या भरेत दुसरी हाक घातली तर चालतंय का?”

खोलीतल्या बाकी कुणालाच तो प्रश्न कळला नाही. त्याला कळला, मलाही कळला. हाक आणि भर या दोन वस्तू वेगळ्या आहेत हे समजल्याशिवाय असा प्रश्न कुणाला पडत नाही. त्या बाई आमच्याशी याआधी एक शब्दही बोललेल्या नव्हत्या. त्यांना जे कळलं होतं ते फक्त पुस्तकातून.

“चालतंय की,” तो म्हणाला. “करून बघा.”

त्यांनी केलं, उलगडा झाला. त्या मान हलवून पुढच्या पानाकडे वळल्या. परत येताना एसटीत तो अख्ख्या वाटेवर बोलत होता. पुढं काय काय करायचं, कुठल्या अडचणी आहेत, कानडी पट्ट्यातल्या संस्थांसाठी कानडी पुस्तक करायचं, तिथं हाकेला काय म्हणतील. खिडकीबाहेर अंधार पडला होता. मी नुसतं हूं हूं करत होते आणि मनात म्हणत होते, ह्याचं असंच चालू दे.

तसं झालं नाही.

पुढच्या वर्षात त्याचा तो गोल फार लवकर लहान झाला. आधी एका वेळी एक शब्द दिसायचा, मग दोन-तीन अक्षरं. प्रोग्राम लिहायचा तर आवाजावर लिहावा लागे, आणि त्याच्या ओळींमध्ये कंस, चिन्हं, मोकळ्या जागा, सगळं आवाज एकेक करून वाचणार. सकाळी शोधायला घेतलेली चूक दुपारपर्यंत सापडायची नाही. साहेबांनी एक नवा मुलगा घेतला. तो हुशार होता, पण त्याला ही भाषा म्हणजे जुनाट प्रकार वाटायचा.

त्याच सुमारास बऱ्याच संस्थांनी वरून आलेलं एकच तयार सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. त्यात पत्रंही आयती होती, नुसतं नाव निवडायचं. साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले आणि मग म्हणाले, “आपली भाषा आता पुढं वाढवायची नाही. ज्यांच्याकडे चालू आहे, ती चालेल तोवर चालेल.” मग त्याच्याकडे वळून म्हणाले, “तू फोनवर बस. कुणाला अडलं तर सांग. तुझ्याएवढं कुणाला माहीत आहे?”

तो फोनवर बसू लागला. सुरुवातीला फोन यायचे. मी शेजारच्या खोलीत असायची. माझीच वाक्यं त्याच्या आवाजात ऐकू यायची. “आधी साच्यात घरं किती हायत मोजा. तेवढ्या भरा हाकेत हायत काय? एक कमी हाय न्हवं? ती घाला.” पुस्तक त्याला पाठ होतं. समोरच्याला अडलेलं सुटलं की तो “उलगडलं न्हवं?” असं विचारायचा आणि फोन ठेवायचा.

हळूहळू फोन कमी झाले. संस्था एकेक करून नव्या सॉफ्टवेअरवर गेल्या. तो सकाळी येऊन बसायचा आणि दुपारी मला हाक मारून विचारायचा, “ताई, फोन चालू हाय न्हवं बघा जरा.” मी फोन हातात घेऊन बघायची. चालू असायचा.

एक दिवस त्यानं साहेबांना सांगितलं की तो गावी जाणार आहे. साहेबांनी राहा म्हटलं, दोनदा म्हटलं. तो म्हणाला, “बसून पगार घेत न्हाय मी.” शेवटच्या दिवशी भाऊ मोटरसायकल घेऊन आला. साहेबांनी त्याचा कॉम्प्युटर त्यालाच देऊन टाकला होता. भावानं तो पोत्यात गुंडाळून मागं बांधला आणि मग याला बसायला जागा उरेना. शेवटी कॉम्प्युटर परत सोडून याच्या मांडीवर दिला. खाली रस्त्यावर मी उभी होते. “जातो ताई,” तो म्हणाला. माझ्या थोडं डावीकडं बघत म्हणाला.

नंतर मी त्याच्याकडे तीन-चारदा गेले. जयसिंगपूरपर्यंत रेल्वेनं आणि पुढं वडापच्या जीपनं. हातकणंगलेला गाडी हमखास रखडायची. घर गावाच्या उंच अंगाला, पुरानंतर बांधलेलं. आई साध्या बोलण्याची, गुडघ्यांनी हैराण झालेली. मी गेले की दुधाचा चहा करायची आणि मला पाट द्यायची, खुर्ची असूनसुद्धा. तो भावाच्या खतांच्या दुकानात सकाळी बसत होता. गिऱ्हाइकं त्याच्याशी गप्पा मारत. कॉम्प्युटर कोपऱ्यात टॉवेलखाली झाकलेला होता.

पहिल्या वेळी आम्ही जुन्या गोष्टी काढून हसलो, मंत्रिमंडळाचा विस्तार वगैरे. दुसऱ्या वेळी मी विचारलं, “पुस्तक ऐकतोस का कधी?”

“नको ते आता,” तो म्हणाला.

बराच वेळ गेल्यावर त्यानं स्वतःहूनच सांगितलं. “ताई, आधी कुणी बोललं की ते लिवलेलं दिसायचं मला, आत. साचा म्हटलं की स काना दिसायचा, च काना दिसायचा. आता नुसता आवाज येतोय. परवा आईचं नाव आठवून बघितलं, कसं लिवत्यात ते. हाताला येतंय अजून. डोळ्याम्होरं येत न्हाय.”

आई आतून ऐकत होती. भांड्यांचा आवाज थांबला होता. मी त्याचा हात धरून बसले.

शेवटच्या वेळी मी निघाले तेव्हा त्याची आई मला वडापच्या थांब्यापर्यंत पोचवायला आली. गुडघे दुखत असताना का येतेय ते मला कळेना. वाटेत उसाचे ट्रॅक्टर एकामागून एक चालले होते. आम्ही कडेला थांबलो. ती म्हणाली, “बाई, राग मानू नका.”

“राग कसला?”

“तुमी येऊन गेलासा की त्यो दोन दिस जेवत न्हाय. बोलतबी न्हाय कुणाशी. दुकानात बसतोय, माणसांत असतोय, तवर बरा असतोय. तुमी आलासा की त्याला सगळं परत आठवतंय.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “तुमी चांगल्या हायसा. येऊ नका म्हणत न्हाय मी. पण...”

“बरं,” मी म्हणाले. “नाही येत.”

तिनं माझ्या हातात कागदात बांधलेलं खरवसाचं भांडं दिलं. वडापमध्ये मी ते मांडीवर धरून बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, पावणं कुठलं? मी कोल्हापूर म्हटलं आणि खिडकीकडं तोंड केलं.

ती कंपनी नंतर दुसऱ्या कामाकडं वळली. मी आता उद्यमनगरातल्या पंपाच्या कारखान्यासाठी माहितीपुस्तकं लिहिते. एका वस्तूला एकच शब्द ठेवते. नवीन मुली विचारतात, तेच तेच शब्द का म्हणून, आणि मी त्यांना समजावून सांगते. आमच्या त्या पुस्तकाच्या काही प्रती माझ्या कपाटात आहेत. ती भाषा वापरणारं आता बहुधा कुणी नसेल. मलकापूरच्या त्या क्लार्क बाई एखादं पत्र अजून तसं काढत असतील, असं मला अधूनमधून वाटतं. त्यांचा नंबर माझ्याकडे नाही, आणि असता तरी विचारायचं धाडस झालं नसतं.

दिवाळीला मी भावाच्या फोनवर फोन करते. भाऊ उचलतो, दुकानातला गलका ऐकू येतो, मग फोन त्याच्याकडे जातो.

“कोण?”

“मी बोलतेय.”

तो दुकानातल्या कुणाला तरी हळू बोलायला सांगतो. मग तो म्हणतो, “ताई व्हय? बरं हाय की. तुमचं कसं चाललंय?”

मी बरं चाललंय म्हणते. आईच्या गुडघ्यांचं विचारते, उसाचं विचारते, यंदा पाणी कुठवर आलं होतं ते विचारते. तो सगळं सांगतो. मग मागून कुणीतरी खताच्या पोत्याचं काहीतरी विचारतं, आणि तो “ठेवतो ताई” म्हणतो.